गहू कुणाच्या हातावर

१४ ऑक्टोबर, संत पेतकाचा दिवस

प्रार्थनेला आज आम्ही मोजकेच होतो. फादर अनानींनी तेवढ्यांसाठीही सगळी प्रार्थना सावकाश, एकही ओळ न गाळता म्हटली. निघताना मला म्हणाले, "वेल्को, तू फार कमी बोलतोस. जे बोलत नाहीस ते निदान लिहीत जा. आत ठेवलं की आंबतं."

म्हणून ही वही. लिहिण्यासारखं फारसं काही नाही. मी चर्चची झाडलोट करतो, घंटा वाजवतो आणि घरी आईचं बघतो. आईची जीभ शाबूत आहे, पाय मात्र तिचं ऐकत नाहीत. तिला सांभाळतो म्हणून सरकार महिन्याला थोडे पैसे देतं, हिवाळ्यात सरपणासाठी मदत देतं. त्यावर आमचं भागतं.

एक गोष्ट मात्र लिहून ठेवायची आहे. दुपारी रुसान्काचा फोन आला. रुसान्का माझी बायको. सहा वर्षं झाली, बल्गेरिया सोडून ती इटलीत एका आजारी म्हाताऱ्याचं करते. सुरुवातीला दर उन्हाळ्यात यायची, आता तिला सुट्टी मिळत नाही. मी नेहमीसारखं विचारलं, कधी येतेस? ती म्हणाली, "येऊन करू काय, वेल्को? तिथे काम कुठंय? शिवणकारखान्यात जागा असती तर आलेच असते ना."

आलेच असते. हे ती पहिल्यांदाच म्हणाली.

१६ ऑक्टोबर

सकाळी त्सोलोवकडे जाऊन आलो. सहकारी संस्थेच्या जुन्या गोदामात त्याचा शिवणकारखाना आहे. इथे शिवलेल्या पँटी जर्मनीला जातात. अर्ध्या मशीनांवर चादरी घातलेल्या होत्या. मी रुसान्काचं नाव काढताच म्हणाला, "अहो, तिच्या हातची शिलाई मी विसरेन होय? ते खिडकीजवळचं मशीन तिचंच होतं. येऊ दे, आजच्या आज बसवतो."

"यायला थोडा वेळ लागेल. तोवर ठेवाल?"

"ठेवतो की. बसायला दुसरं आहे तरी कोण?"

परत येताना पेंचोच्या दुकानात शिरलो. अर्ध्या भागात किराणा आणि अर्ध्या भागात दारू. मला बघून तो तिथूनच ओरडला, "आले, सरकारचे जावई आले! उठा रे, खुर्ची द्या!" सगळे हसले. मीही हसलो. पूर्वी हे बोलणं खालच्या आळीतल्या जिप्सींना असायचं, आणि तेव्हाही मी हसत असे.

रुसान्काला फोन करून मशीनचं सांगितलं. तिने आधी आईच्या पायांचं विचारलं, मग सरपणाचं. आनंदाने गोंधळली असेल. मग म्हणाली, "बघू, नाताळ होऊ दे."

४ नोव्हेंबर, पितरांचा शनिवार

गहू उकडले, त्यात साखर आणि अक्रोड घातले, आणि आईला हातगाडीवर बसवून स्मशानात नेलं. वडिलांच्या थडग्यावर मेणबत्ती लावली, वाईन शिंपडली. पण वाढायचं कुणाला? पितरांचं अन्न दुसऱ्याच्या तोंडी पडलं तरच त्यांना पोचतं, आणि दुसरं कुणी उरलेलंच नाही. शेजारच्या दान्काकाकूंनी मला मूठभर गहू दिले, मी म्हटलं, "देव त्यांना क्षमा करो." मग मी काकूंना दिले, त्या म्हणाल्या, "देव त्यांना क्षमा करो." तेवढ्यात गावातली म्हातारी पेत्राना आली आणि तिने आम्हा दोघांना दिले.

आई गाडीवरून म्हणाली, "दान्का, गेली दहा वर्षं माझ्या नवऱ्यासाठी तूच जेवतेयस. त्याला आता अपचन झालं असेल."

"आणि माझा नवरा तुझ्या पोराच्या तोंडून जेवतो," काकू म्हणाल्या, "म्हणून तर हा वाळलेला आणि तोही उपाशी."

दोघी हसल्या. उरलेले गहू परत आणले. दोन दिवस तेच खाल्ले.

२० नोव्हेंबर

त्सोलोवने कारखान्यासाठी नेपाळहून आठ बायका आणल्या आहेत. दान्काकाकूंना वाटतं नेपाळ चीनमध्ये आहे. त्यांची सोय आमच्या जुन्या शाळेत केली. मुलं संपली म्हणून शाळा बंद झाली त्याला बरीच वर्षं झाली. किल्ली माझ्याकडे होती, म्हणून उघडून द्यायला मीच गेलो.

मी ज्या वर्गात वाचायला शिकलो तिथे आता खाटा आहेत. शेगडीचा पाइप काजळीने बुजला होता, तो काढून झटकून दिला. कोट अडकवायच्या खुंट्या पोरांच्या उंचीच्या आहेत. बायकांनी त्यावर आपले कोट अडकवले तर ते जमिनीवर लोळायला लागले. त्या खुंट्यांकडे बघून एकमेकींना काहीतरी म्हणाल्या आणि खूप हसल्या. एक मात्र हसली नाही. खुंटीवर बोट फिरवत होती. तिला विचारलं, मुलं आहेत? म्हणाली, "दोन. तिकडे."

तिचं नाव तुल्सा. आधी वर्षभर दुसऱ्या कुठल्या कारखान्यात होती, म्हणून तिला आमची भाषा मोडकीतोडकी येते.

११ डिसेंबर

परवा खालच्या रस्त्यावरचा इल्को म्हातारा गेला. मी घंटा वाजवून खाली उतरलो तर तुल्सा चर्चच्या दाराशी उभी. विचारत होती, ही का वाजते? मी समजावलं. सणाची घंटा उड्या मारत वाजते. मेल्याची एकेक टोला, मध्ये श्वास घेऊन. आणि एक तिसरी असते, न थांबता. ती आगीची. ती ऐकली की हातातलं टाकायचं, बादली भरायची आणि धावायचं. मग ज्याचं घर जळतंय त्याच्याशी तुझं दहा वर्षांचं भांडण का असेना.

तिने बोटांवर मोजून पाठ केलं. "उड्या, सण. श्वास, मेला. न थांबता, बादली."

"बरोबर," मी म्हटलं.

बोलत बोलत ती माझ्याबरोबर घरापर्यंत आली, म्हणून तिला आत आईकडे नेलं. आईला परकी माणसं आवडत नाहीत. पण ही पायाशी बसली आणि न विचारता तिच्या पोटऱ्या चोळायला लागली. मग दुसऱ्या दिवशी बाटलीतून कसलंसं मोहरीचं तेल घेऊन आली. आई ओरडली, "हे काय, मला लोणच्यात घालतेस का ग?" आज संध्याकाळी मात्र चार वाजल्यापासून दाराकडे बघत होती. "ती लोणचंवाली आली नाही का रे अजून?"

२७ डिसेंबर

रुसान्काने नाताळचा फोन उशिरा केला. म्हाताऱ्याच्या घरी पाहुणे होते म्हणे. मागून हसण्याचे आवाज येत होते, एक पुरुष तिला हाक मारत होता, "रोझा! रोझा!" जेवायला बोलावत असावा. त्यांना तिचं नाव उच्चारता येत नाही. म्हातारा चांगलाच सुधारलेला दिसतो. पूर्वी त्याला चमच्याने भरवावं लागायचं. मी आईला म्हटलं, रुसान्काच्या हाताला गुण आहे. आईने तोंड भिंतीकडे केलं.

नाताळ झाला, आता कधी, हे विचारायचं राहून गेलं.

१२ जानेवारी

सरपण पोचवायला कारखान्यात गेलो होतो. खिडकीजवळच्या मशीनवर तुल्सा बसली होती.

त्सोलोवला बाजूला घेतलं. तो म्हणाला, "वेल्को, रागावू नका. अहो, रिकामं मशीन पँट शिवत नाही. तुमची बायको येते म्हणाली, नाताळ गेला. मी जर्मनीला काय कळवू, वाट बघतोय म्हणून?"

तुल्साने वर बघून हात हलवला. मी हलवला नाही.

पेंचोकडे टीव्हीवर कोट घातलेली माणसं भांडत होती. एक म्हणत होता, लोकांना मदत खाऊन झोपायची सवय लागली. दुसरा म्हणत होता, परदेशी मजूर आले म्हणून पगार पडले. तिसरा म्हणत होता, पगार पडले म्हणून आपली माणसं बाहेर गेली, म्हणून परदेशी आले. मला तिघांचंही थोडं थोडं पटलं. मग जर्मनीतली बातमी लागली. तिथला कुणी पुढारी सांगत होता की बल्गेरियन लोक इथे नुसते भत्ते खायला येतात.

पेंचोने ग्लास आपटला. "माझा पोरगा पहाटेपासून तिथे डुकरं कापतो! तो भत्ते खायला गेलाय होय? मी दाखवू त्याला पोराची बोटं?" आणि त्याच दमात, "आणि ह्या शाळेतल्या बायका, ह्यांना कुणी बोलावलं इथे? आपल्या बायका इटलीत म्हाताऱ्यांचं धुवायला, आणि ह्या इथे आपल्या जागेवर!"

कुणी हसलं नाही. टीव्हीवर हवामान लागलं. गारठा वाढणार आहे.

१३ जानेवारी

रुसान्काला सांगितलं, जागा गेली. मला वाटलं होतं ती रडेल. ती पटकन म्हणाली, "मग काय करणार, वेल्को. जागाच नाही तर येऊन तरी काय करू." तिचा आवाज एकदम हलका झाला होता, गेल्या कित्येक महिन्यांत ऐकला नव्हता असा. किती आवरून धरलं असेल तिने. तिला त्रास नको म्हणून मीच फोन लवकर ठेवला.

मग गोठ्यात जाऊन बसलो. गुरं विकली, पण बसायला मी अजून तिथेच जातो.

२ फेब्रुवारी

तुल्सा येते. मी तिच्याशी बोलत नाही. ती आईचे पाय चोळते, मी लाकडं फोडायला बाहेर जातो. आज दाराआडून ऐकू आलं, आई विचारत होती, "तुझा नवरा काय करतो ग?"

"त्याच्या आईला बघतो. म्हैस बघतो." मग थोडं थांबून, "वाट बघतो."

आई म्हणाली, "आमच्याकडे पण असा एक आहे. म्हैस तेवढी नाही."

९ मार्च, पितरांचा शनिवार

आजचा दिवस जसा झाला तसा लिहितो.

आईने पातेलंभर गहू उकडायला लावले. मी म्हटलं, एवढे कुणाला? म्हणाली, "तू उकड." स्मशान कारखान्याच्या वाटेवरच आहे. आज कारखान्याला अर्धा दिवस होता. त्या आठजणी खाली मान घालून परत येत होत्या, तेवढ्यात दान्काकाकू फाटकाबाहेर धावल्या. त्यांचे गुडघे दुखतात, तरी धावल्या. "ए पोरींनो! इकडे या, इकडे! घ्या, माझ्या नवऱ्यासाठी घ्या!"

मग सगळ्या म्हाताऱ्या त्यांच्याभोवती. कुणी गहू, कुणी पाव, कुणी उकडलेली अंडी. पेत्राना तर रडत होती आणि वाढत होती. "माझ्या थोरल्या पोराला जाऊन वीस वर्षं झाली, आज कुठे तो नव्या तोंडाने जेवतोय." त्या बायकांना आधी कळेना. मग तुल्साने काहीतरी सांगितलं आणि सगळ्यांनी दोन्ही हात जोडून ओंजळी पुढे केल्या. असं घ्यायला त्यांना कुणी शिकवलं, देव जाणे. तुल्साने ओंजळ आधी कपाळाला लावली. मग अर्धे गहू खाल्ले आणि अर्धे स्मशानाच्या भिंतीवर नेऊन ठेवले.

"हे काय?" दान्काकाकू म्हणाल्या.

"कावळा," तुल्सा म्हणाली. "आमच्याकडे कावळा खातो. कावळा खाल्ला, वरचे खाल्ले."

"शी, कावळ्याला?"

पण कावळा आला. काळा, तकतकीत. सगळ्यांसमोर त्याने गहू उचलले. सगळ्या म्हाताऱ्यांनी क्रॉसची खूण केली. दोन महिन्यांत पहिल्यांदा मी तुल्साशी बोललो. विचारलं, "आणि नाही आला तर?"

तिला आमच्या भाषेतला शब्द सापडेना. ती नुसतीच आईकडे बघत राहिली.

घरी येताना आई म्हणाली, "ऐक रे. मी गेले की माझे गहू आधी ह्या पोरींच्या हातावर ठेव. गरम असताना. दान्काला नंतर."

मी हो म्हटलं.

१७ मार्च, क्षमेचा रविवार

उद्यापासून मोठा उपास. आज लहानांनी थोरांच्या हाताचं चुंबन घेऊन क्षमा मागायची. मी आईची मागितली. तुल्सा आली, तिने आईच्या पायांना हात लावून कपाळाला लावले. आई म्हणाली, "हिने काय केलंय म्हणून क्षमा मागते?"

संध्याकाळी पेंचो घरी आला. तो सहसा येत नाही. म्हणाला, त्सोलोव उन्हाळ्यात अजून वीस माणसं आणतोय, या खेपेला पुरुष. शाळा त्याच्या नावावर होणार. हे थांबवायचं तर पुढच्या रविवारी चौकात सगळ्यांनी जमायचं, आजूबाजूच्या गावांनीही. "फोनवर कोण येतंय? पण तुझी घंटा वाजली तर टेकडीपलीकडून माणसं येतील. आगीची वाजव."

मी म्हटलं, आग नाही.

"नाही?" पेंचो म्हणाला. "तुझी बायको एका मशीनपायी परक्या घरात खितपत पडलीये, आणि ह्याला आग दिसत नाही! अरे, तुझ्याच घरात येऊन बसते ना ती, मशीनवाली?"

तो गेल्यावर मी देवासमोर उभा राहिलो. काय मागायचं ते सुचेना. शेवटी एवढंच म्हटलं, रुसान्काला घरी आण.

२४ मार्च, रविवार

आज मी घंटा वाजवली.

फादर आज दुसऱ्या गावी होते. मनोऱ्यात चढताना वाटलं होतं, दोरी हातात घेतल्यावर ठरवू. पण दोरी हातात आली की हात आपलं काम करतात. न थांबता वाजवली. वरून माणसं येताना दिसली, टेकडीवरून, पुलावरून, एक ट्रॅक्टरही. चौक भरला. पेंचो बाकावर चढून बोलायला लागला. मी वाजवतच होतो.

मग शाळेचं दार उघडलं.

त्या धावत बाहेर आल्या. आठहीजणी. एकीच्या डोक्याला टॉवेल होता, एक अनवाणी होती. प्रत्येकीच्या हातात बादली होती, काठोकाठ भरलेली, पाणी पायांवर सांडत होतं. तुल्सा पुढे. ती चौकात आली आणि ओरडली, "कुठे? कुठे?" धूर शोधत इकडे तिकडे बघत होती.

मी दोरी सोडली. घंटा आपली आपण दोन-तीन वेळा वाजली आणि थांबली.

शंभर माणसं असतील. पेंचो बाकावर तोंड उघडं टाकून उभा होता. मग मागून कुणीतरी, आपल्या गावचं नव्हे, ओरडलं, "जा आपल्या घरी!" आणि दुसऱ्याने पाय मारून एक बादली उलटवली. आणखी काहीजण ओरडले. दान्काकाकू तेवढ्या म्हणाल्या, "अरे मेल्यांनो, त्या पाणी घेऊन आल्यात!" पण त्यांचा आवाज तो केवढा.

तुल्साने वर मनोऱ्याकडे पाहिलं. मी मागे सरलो. तरी तिने पाहिलं असेल.

घरी आलो तर आई उठून बसलेली. आधाराशिवाय कशी बसली कोण जाणे. "कुठे लागली?"

"काय?"

"आग."

"नाही लागली, आई."

"मग वाजवलीस कशाला?"

मी चुलीत लाकूड सारलं. ती माझ्या हातांकडे बघत होती. मग म्हणाली, "आता खरी लागली तर कोण येईल रे?"

२५ मार्च

आज मरियमला निरोप मिळाल्याचा सण. सणाची घंटा वाजवायला हवी होती. वाजवली. हाताला लय सापडेना. कुणी घराबाहेर आलं नाही.

३० मार्च

त्सोलोवने शाळेतल्या बायकांना व्हॅनमधून नेलं. दुसऱ्या कुठल्यातरी जिल्ह्यात, मशीनंही मागोमाग जाणार आहेत म्हणतात. निघण्याआधी तुल्सा आईला भेटायला आली. मी गोठ्यात होतो. तिचं बोलणं ऐकू आलं, आईचंही. आत जावं असं वाटलं, गेलो नाही. व्हॅनचा आवाज गेल्यावर बाहेर आलो. उंबऱ्यावर तेलाची बाटली होती.

संध्याकाळी शाळेला कुलूप लावायला गेलो. आत सगळं झाडून ठेवलेलं. पायऱ्यांवर बादल्या धुऊन ओळीने पालथ्या घातलेल्या.

१८ एप्रिल

कारखाना बंद. आपल्याही बायका घरी बसल्या. पेत्रानाची सून पुढच्या आठवड्यात स्पेनला स्ट्रॉबेरी तोडायला जाणार. पेंचो म्हणतो, त्सोलोवच्या मनात आधीपासूनच हे होतं, त्याला निमित्त हवं होतं. असेलही. पेंचोकडे आता चारच माणसं येतात. टीव्हीवरचे अजून तेच भांडतात.

मी गोदामाच्या खिडकीतून आत बघितलं. खिडकीजवळ जमिनीवर मशीनच्या पायांचे चार गोल डाग तेवढे आहेत.

२८ एप्रिल, झावळ्यांचा रविवार

आईचं नाव त्स्वेता, म्हणजे फूल, आणि आमच्याकडे हा फुलांचाही रविवार, म्हणून आज तिच्या नावाचा सण. विलोच्या फांद्या आशीर्वाद घेऊन आणल्या, तिच्या उशाशी ठेवल्या. तेल लावू का विचारलं. म्हणाली, "तुझे हात खरखरीत आहेत." मग म्हणाली, "लाव." मी लावलं. बाटलीत थोडंच उरलंय.

फादरांना सगळं सांगितलं होतं. त्यांनी माझ्या डोक्यावर वस्त्र ठेवून क्षमेची प्रार्थना म्हटली. नंतर नुसतंच विचारलं, "त्या पोरींचा पत्ता आहे का कुणाकडे?" कुणाकडेच नाही.

९ मे

आई गेली. ईस्टरच्या आठवड्यात जाणाऱ्याला स्वर्गाचं दार उघडं असतं म्हणतात. सकाळी दूध घेतलं, भिंतीकडे तोंड केलं आणि गेली. तिच्यासाठी मी स्वतःच घंटा वाजवली. एकेक टोला, मध्ये श्वास.

रुसान्का येऊ शकत नाही. खूप रडली. म्हाताऱ्याचं विचारलं, तर म्हणाली, "कोण म्हातारा?" आणि मग, "हो, तो. बरा आहे." दुःखात माणसाला काही सुचत नाही. मी तिला कारखाना बंद झाल्याचंही सांगितलं. ती म्हणाली, "वेल्को, तू आता माझ्यासाठी काही राखून ठेवत जाऊ नकोस. ऐकतोयस ना?"

मी म्हटलं, काही विशेष नाही, जर्दाळूचा मुरांबा तेवढा आहे, आणि तो टिकतो.

फोन तसाच चालू होता. मागे कुठेतरी एक लहान मूल रडत होतं. त्या भागात घरं फार जवळजवळ आहेत, ती मागे म्हणाली होती.

३ जून

शहरातून फोन आला. आई नाही, म्हणजे तिच्या सांभाळाचे पैसेही नाहीत. बाई सभ्य होती, आधी सांत्वन केलं. म्हणाली, कामासाठी नाव नोंदवा, तुमच्याच गावात शिवणकारखाना आहे ना? मी म्हटलं, होता.

२२ जून, चेरीच्या दिवसांतला पितरांचा शनिवार

पहाटे गहू उकडले. आईच्या पातेल्यात, तिने सांगितले असते तेवढेच. अक्रोड घातले, वर चेरी ठेवल्या. पातेलं फडक्यात गुंडाळून नेलं, गरम राहावं म्हणून.

स्मशानाच्या फाटकात उभा राहिलो. कारखान्याच्या वाटेवर गवत वाढलंय. दान्काकाकू आल्या, त्यांनी हात पुढे केला. मी म्हटलं, "काकू, थोडं थांबा." त्यांना कळलं असावं. त्या आपल्या नवऱ्याच्या थडग्याशी जाऊन बसल्या. कुणीतरी परकं भेटेल म्हणून मी मोठ्या रस्त्यापर्यंत गेलो. एक ट्रक गेला, त्याला हात केला. तो हॉर्न वाजवून निघून गेला. बस आली, पण उतरलं कुणी नाही. फडक्यातून हाताला लागणारी ऊब कमी होत होती.

शेवटी परत आलो आणि भिंतीवर, तुल्साने ठेवले होते त्याच जागी, दोन मुठी गहू ठेवले. वर एक चेरी ठेवली आणि लांब जाऊन उभा राहिलो.

कावळे होते. समोरच्या अक्रोडाच्या झाडावर चार-पाच बसले होते. माना वाकड्या करून भिंतीकडे बघत होते, माझ्याकडे बघत होते. एक खालच्या फांदीवर आला. तो परत वर गेला. मी म्हटलं, आई, अगं घे ना. मग आणखी मागे सरलो, मग फाटकाबाहेर गेलो, मला भीत असतील म्हणून. दान्काकाकू गेल्या, पेत्राना गेली, ऊन उतरलं. गव्हांवर मुंग्या आल्या.

कावळ्यांची पोटं भरली असतील. चेरीचे दिवस आहेत, सगळीकडे खायला आहे.

संध्याकाळच्या घंटेची वेळ झाली म्हणून निघालो. पातेलं तिथेच भिंतीवर ठेवून आलोय. उद्या सकाळी जाऊन बघेन.